फोन दुसऱ्याच्या हातात न देता: सरकारी रुग्णालयाचं वेब ॲप दिव्यांग रुग्णांना वापरता यावं यासाठी

प्रश्न थोडक्यात असा: जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयांसाठी मराठी-इंग्रजी वेब ॲप तयार होतंय. ओटीपीने लॉगिन, ओपीडीची वेळ घेणं, केसपेपर आणि तपासण्यांचे अहवाल पाहणं एवढी कामं त्यात आहेत. सुरू व्हायला सहा आठवडे उरलेत आणि ऑडिटमध्ये 'दिव्यांगांसाठी सुगम नाही' असा शेरा आला. अक्षरं लहान-मोठी करणारं आणि रंग उलटे करणारं तयार विजेट बसवलं तर भागेल का? नाहीतर हात कुठून घालावा?

विजेटने भागणार नाही. अंध माणसाच्या फोनमध्ये टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर, आधीपासूनच चालू असतो. कमी दिसणाऱ्याने अक्षरं फोनच्या सेटिंगमध्येच मोठी करून ठेवलेली असतात. त्यांची साधनं त्यांच्यापाशी आहेत, अडतं ते तुमच्या पानाच्या रचनेत. ज्या बटणाला कोडमध्ये नावच नाही, त्याला विजेट फार तर अंदाजाने नाव देईल, आणि दवाखान्याच्या कामात अंदाज चालत नाही. तो पैसा खऱ्या वापरकर्त्यांकडून चाचणी करून घेण्यावर खर्च करा.

कामाला लागण्याआधी एकच कसोटी ठरवा: अंध रुग्णाला लॉगिनपासून अहवाल वाचेपर्यंत सगळं स्वतःच्या हाताने करता आलं पाहिजे, फोन एकदाही दुसऱ्याकडे न देता. बँकेच्या किंवा विजेच्या बिलाच्या ॲपपेक्षा इथे हे जास्त महत्त्वाचं आहे. शेजाऱ्याला 'जरा हे भरून दे' म्हणून फोन दिला, की ओटीपीबरोबर आजारही त्याच्या हातात जातो. पानागणिक शंभर चुका मोजून गुण देणारी ऑडिटं असतात. त्यांचा उपयोग आहे, पण चुकांपैकी ९८ दुरुस्त झाल्या आणि उरलेल्या दोन लॉगिनवर असल्या, तर रुग्णाच्या दृष्टीने काहीच दुरुस्त झालेलं नाही.

वापरणारे कोण, हेही टीमच्या डोळ्यांसमोर असू द्या. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद आहे, पण रुग्णालयाच्या ॲपवर येणारे त्याहून वेगळेही असतात. डोळे तपासताना बाहुली मोठी करणारे थेंब घातलेल्या माणसाला पुढचे काही तास जवळचं धूसर दिसतं, आणि नेमका तेव्हाच तो पुढची तारीख घ्यायला फोन उघडतो. कुणाचा उजवा हात प्लास्टरमध्ये असतो, कुणाला कंपवात असतो, मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं असतं. यांच्याकडे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण वरिष्ठांना पटवताना ते लागतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेबद्दल आहे. त्याखालच्या नियमांत २०२३ च्या दुरुस्तीने आयएस १७८०२ हे भारतीय मानक आलं. केंद्राच्या सरकारी संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी आवृत्तीही २०२३ चीच, आणि ती डब्ल्यूसीएजी २.१ या वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 'एए' या मधल्या पातळीवर उभी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात किमान मानकं बंधनकारक हवीत असं सांगितलं, आणि ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात डिजिटल सेवा मिळणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तुम्ही डब्ल्यूसीएजी २.२ धरूनच चाला. ऑक्टोबर २०२३ ची ती आवृत्ती लॉगिनबद्दल २.१ पेक्षा कडक आहे, आणि तुमची अडचण तिथेच असणार.

हे सगळं एकदा देशपातळीवर घडून गेलेलं आहे. कोविडच्या लसीसाठी कोविन वापरणं सक्तीचं होतं तेव्हा, ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने त्या पोर्टलच्या अडचणी एकेक करून नोंदवल्या: ऐकता येणारा किंवा मजकुराचा कॅप्चा नाही, वयोगट-लस-मोफत की सशुल्क हे फिल्टर सुगम नाहीत, कीबोर्डने फिरता येत नाही, वेळ घेता घेता आपोआप लॉगआउट होतं, रंगांतला फरक पुरेसा नाही. ही यादी छापून टीमच्या भिंतीवर लावा. आज एखादं नवं आरोग्य ॲप तपासायला घेतलं तरी बहुतेक याच क्रमाने गोष्टी सापडतात.

आता लॉगिन. चित्रातली वाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा काढून टाका. त्याला ऑडिओचा पर्याय दिला तरी तो बहुधा इंग्रजीत, खरखरीत आवाजात असतो, आणि ज्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही त्याच्यासाठी रस्ता बंदच राहतो. सुरक्षा विभाग म्हणेल की कॅप्चा नसेल तर कुणीही हजारो ओटीपी पाठवायला लावेल. भीती खरी आहे, पण तिचा इलाज सर्व्हरवर करायचा: एका क्रमांकाला ठरावीक वेळात मोजकेच ओटीपी, एका आयपी पत्त्यावरून येणाऱ्या विनंत्यांना मर्यादा (मोबाइल नेटवर्कवर एकाच पत्त्यामागे अनेकजण असतात, म्हणून ती जरा सैल), आणि माणसाला न दिसणारा, स्क्रीन रीडरलाही न सापडणारा, यंत्रच भरेल असा एक सापळा-रकाना.

ओटीपीचे सहा वेगवेगळे चौकोन ही फॅशन रुग्णाला फार महागात पडते. टॉकबॅक तिथे 'संपादन चौकट' सहा वेळा सांगतो आणि कितवी ते सांगत नाही. एक अंक टाकला की फोकस (टाइप केलेलं जिथे उमटणार ती जागा) स्वतःहून पुढे उडी मारतो, त्यामुळे खोडायला गेलेला माणूस हरवतो, आणि एसएमएसमधून कॉपी केलेले सहा अंक पहिल्याच चौकोनात अडकतात. एकच रकाना ठेवा. त्याला दिसणारं लेबल द्या: 'मोबाइलवर आलेला ६ अंकी ओटीपी'. ऑटोकम्प्लीट या गुणधर्मात 'वन-टाइम-कोड' ही किंमत घाला, म्हणजे फोन एसएमएसमधला आकडा आपणहून सुचवू शकतो. पेस्ट करणं कुठल्याही कारणासाठी बंद करू नका. रकान्याचा प्रकार 'नंबर' ठेवू नका. तो 'टेक्स्ट' ठेवा आणि इनपुटमोड 'न्यूमेरिक' करा.

इथे एक खास आपल्याकडची चूक घडते. मराठी कळफलक लावलेल्या फोनवरून रुग्ण ४८२९१७ असे देवनागरी अंक टाइप करतो. जावास्क्रिप्टमध्ये अंक तपासायला वापरतात ते 'बॅकस्लॅश डी' हे चिन्ह फक्त रोमन आकडे ओळखतं. त्यामुळे ओटीपी बरोबर असूनही 'अवैध ओटीपी' असा संदेश येतो. स्क्रीन रीडर दोन्ही प्रकारचे अंक सारखेच वाचत असल्यामुळे अंध वापरकर्त्याला चूक कळायला मार्गच नसतो. उपाय चार ओळींचा आहे. युनिकोडमध्ये देवनागरी अंक २४०६ ते २४१५ या क्रमांकांवर आहेत. त्यातून २३५८ वजा केले की रोमन अंकाचा क्रमांक मिळतो. मोबाइल क्रमांक, वय, पिनकोड, १४ अंकी आभा क्रमांक (डिजिटल आरोग्य खात्याचा) अशा प्रत्येक आकड्याच्या रकान्यात तपासणीआधी हे रूपांतर करा, आणि मधल्या मोकळ्या जागा नि आडव्या रेघाही काढून टाका.

ओटीपीखाली उलटी मोजणी दाखवायची असेल तर ती थेट घोषणा करणाऱ्या भागात, म्हणजे 'एरिया-लाइव्ह'मध्ये, ठेवू नका. स्क्रीन रीडर दर सेकंदाला '५९, ५८, ५७' असं बोलत राहतो आणि त्या गोंधळात रुग्णाला स्वतःची टाइप केलेली अक्षरं ऐकू येत नाहीत. मोजणी डोळ्यांसाठी चालू राहू दे, आवाजासाठी फक्त दोन घोषणा करा: एक मिनिट उरल्यावर आणि वेळ संपल्यावर. सत्र संपण्याचा नियमही याच घरातला. लॉगआउट होण्याआधी सूचना द्यायची, एका साध्या कृतीने मुदत वाढवता यायला हवी, त्यासाठी किमान २० सेकंद मिळायला हवेत आणि अशी वाढ किमान दहा वेळा घेता यायला हवी. याहून महत्त्वाचं म्हणजे पुन्हा लॉगिन केल्यावर आधी भरलेलं सगळं जागेवर सापडलं पाहिजे.

वेळ निवडण्याच्या पानावर बहुतेक ठिकाणी महिन्याचं कॅलेंडर असतं, त्यात हिरवे-लाल चौकोन आणि प्रत्येक वेळेपुढे 'बुक करा' असं बटण. स्क्रीन रीडरवर हे 'बुक करा, बटण' असं वीस वेळा ऐकू येतं. ओपीडीला पुढच्या सात-आठ दिवसांतलीच वेळ द्यायची असते, मग कॅलेंडर कशाला? दिवसांची साधी यादी रेडिओ बटणांत द्या, दिवस निवडला की त्याखाली वेळांची. दोन्हींना फील्डसेट आणि लेजंड (पर्यायांचा गट बांधणारा आणि त्याला नाव देणारा टॅग) हवं, आणि प्रत्येक पर्याय स्वतःत पूर्ण हवा: 'सोमवार, सकाळी १० ते १०.३०, ४ जागा शिल्लक'. भरलेल्या वेळेला रंगाबरोबर 'भरली' हा शब्दही लिहा. निवडलेली वेळ काही मिनिटं त्या रुग्णासाठी राखून ठेवा, दहा मिनिटं योग्य वाटतात. 'जो आधी दाबेल त्याची जागा' हा नियम दिसायला समान आहे, पण ऐकून ऐकून पुढे सरकणाऱ्याला प्रत्येक पायरीला जास्त वेळ लागतो. त्याने वेळ निवडून पुष्टी करेपर्यंत जागा गेलेली असते.

भाषेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांमध्ये हे सापडत नाही. पानाच्या मूळ एचटीएमएल टॅगवर भाषेचा कोड असतो. मराठी पानावर तो मराठीचा, म्हणजे 'एमआर' हवा. टेम्प्लेट इंग्रजी असल्याने तो हमखास इंग्रजीचाच राहून जातो. मग इंग्रजी आवाज देवनागरी वाचायला घेतो: काही आवाज शब्द गाळून फक्त आकडे बोलतात, काही अक्षर-अक्षर उच्चारतात. हिंदीचा कोड लागला असेल तर मजकूर ऐकू येतो, पण उच्चार हिंदी वळणाचे, 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च एकच. पूर्ण परिच्छेद इंग्रजीत असेल तर त्याला वेगळा कोड द्या. मराठी वाक्यातल्या एकेका इंग्रजी शब्दाला मात्र देऊ नका, आवाज दर शब्दाला बदलला की ऐकणारा थकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे लपलेला मजकूर. भाषांतर करणाऱ्याला पडद्यावर दिसतं तेवढंच दिलं जातं. चित्राचा पर्यायी मजकूर, एरिया-लेबल (बटणाचं फक्त स्क्रीन रीडरला कळणारं नाव), पानाचं शीर्षक आणि चुकांचे संदेश कोडमध्येच राहतात आणि इंग्रजीच राहतात. म्हणजे डोळस रुग्णाला पूर्ण मराठी ॲप दिसतं, अंध रुग्णाला अर्धं इंग्रजी ऐकू येतं. या सगळ्या ओळी एकाच भाषांतर-फाइलमध्ये आणा. भाषा बदलल्यावर रुग्ण होता त्याच पायरीवर, भरलेल्या माहितीसह राहिला पाहिजे, मुख्य पानावर फेकला जाता कामा नये.

अक्षरांचंही वेगळं गणित आहे. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्याने ओळीची उंची अक्षराच्या किमान दीडपट लागते. बटणाची उंची पिक्सेलमध्ये बांधून ठेवली आणि रुग्णाने अक्षरं दुप्पट केली, की 'पूर्ण'मधला ऊकार आणि रफार दोन्ही कापले जातात. ठरावीक उंचीऐवजी किमान उंची द्या. दोन अक्षरांमधलं अंतर वाढवणारी शैली मराठीत वापरूच नका, शिरोरेखा तुटते. पान बोटांनी मोठं करण्यावर व्ह्यूपोर्ट या पानाच्या मांडणीच्या टॅगमध्ये बंदी घातलेली असते, ती काढा. ३२० पिक्सेल रुंदीत आडवं सरकवावं न लागता सगळं बसलं पाहिजे. रंगांचं, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचं, गणित सोपं आहे: साध्या मजकुराला किमान ४.५:१, मोठ्या अक्षरांना आणि चौकटींच्या रेषांना ३:१. पांढऱ्यावर ९९९९९९ या रंग-कोडचा करडा २.८५:१ भरतो, ७६७६७६ हा ४.५४:१. तिरंग्यातला केशरी म्हणून वेबवर वापरतात तो रंग (लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१) पांढऱ्यासमोर जेमतेम २.१:१ आहे, त्यावर पांढरी अक्षरं लिहू नका. दाबायच्या जागेला मानक किमान २४ पिक्सेल मागतं. थरथरत्या हातासाठी ४४ ते ४८ ठेवा.

फॉर्ममधली चूक तीन सेकंदांनी नाहीशा होणाऱ्या पट्टीत दाखवण्याची सवय मोडायला हवी. ती कमी दिसणाऱ्याने झूम केलेल्या भागाबाहेर उमटते आणि सावकाश वाचणाऱ्याच्या हाती लागत नाही. सादर केल्यावर चुका असतील तर वर त्यांचा गोषवारा द्या, फोकस तिथे न्या, प्रत्येक चुकीवरून त्या रकान्यापर्यंत जाणारी लिंक द्या आणि रकान्यालाही तोच संदेश एरिया-डिस्क्राइब्डबाय या गुणधर्माने जोडा. संदेश असा लिहा: 'जन्मवर्ष चार अंकी लिहा, उदाहरणार्थ १९६८'. 'अवैध इनपुट' म्हटल्याने कुणाचंच भलं होत नाही. एकाच पानात सगळं बदलणारं ॲप असेल (रिॲक्ट, अँग्युलर वगैरे) तर पायरी बदलताच स्क्रीन रीडरला काहीच कळत नाही. तो जुन्या, आता नसलेल्या बटणापाशी उभा राहतो. प्रत्येक पायरीला पानाचं शीर्षक बदला आणि फोकस नव्या मथळ्यावर न्या. मथळ्याला टॅबइंडेक्स उणे १ दिला की तो फोकस घेतो.

अहवालांपाशी सगळ्यात जास्त माणसं अडतात. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे स्क्रीन रीडरच्या लेखी कोरं पान. संगणकावर तयार केलेली पीडीएफही सुरक्षित समजू नका. कार्यालयांत अजून श्रीलिपीसारखे जुने, युनिकोडपूर्व फॉन्ट चालतात, त्यातला मराठी मजकूर आवाजात निरर्थक रोमन अक्षरांसारखा येतो. युनिकोड फॉन्ट असला तरी पीडीएफमध्ये बहुतेकदा आकार दिसण्याच्या क्रमाने साठवले जातात, त्यामुळे 'किडनी'तली पहिली वेलांटी क च्या आधी जाऊन बसते. तपासायची युक्ती साधी आहे: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे जे दिसेल तेच आवाजात ऐकू येणार. मार्ग एकच: अहवाल आधी वेबपानावर, खऱ्या तक्त्यात द्या आणि पीडीएफ छापण्यापुरती ठेवा. तक्त्याच्या रकान्यांना आणि ओळींना मथळ्याचे टॅग लावा. हिमोग्लोबिन ९.२ पुढे नुसता खाली जाणारा लाल बाण काढू नका, कारण बरेच स्क्रीन रीडर तो गाळतात. 'कमी' हा शब्द लिहा. रुग्णाला जे कळायचं होतं ते त्या एका शब्दात आहे.

पान उघडताच स्क्रीन रीडर सर्वात आधी शीर्षक बोलतो, आणि ओपीडीच्या रांगेत इअरफोन सगळ्यांकडे नसतात. 'एचआयव्ही चाचणी अहवाल' असं शीर्षक ठेवलंत तर ते शेजारच्या चार जणांनाही ऐकू जातं. शीर्षक 'तपासणी अहवाल' एवढंच ठेवा, तपशील बटणामागे ठेवा, आणि एसएमएसमध्येही तपासणीचं नाव घालू नका. नोंदणीत दिव्यांगत्वाचा प्रकार विचारण्याआधी गरज विचारा: व्हीलचेअर हवी का, सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा का, सोबत कुणी येणार का. रुग्णालयाला तयारी याच उत्तरावर करायची असते. ज्यांची पहिली भाषा सांकेतिक भाषा आहे अशा अनेक कर्णबधिर रुग्णांसाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा असते, म्हणून सूचना छोट्या वाक्यांत द्या.

चाचणी कशी करायची? ॲक्स, वेव्ह किंवा लाइटहाउस अशी आपोआप तपासणारी साधनं चालवा, पण त्यांच्या १०० गुणांवर विसंबू नका. चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही ते यंत्र सांगतं, तो बरोबर आहे की नाही ते सांगत नाही. नंतर माऊस बाजूला ठेवून फक्त टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस आणि बाणांनी पूर्ण काम करा. फोकस कुठे आहे ते दिसेनासं झालं तिथे चूक आहे. मग विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर घ्या. तो मोफत आहे आणि त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक आवाजात मराठी आहे. एच दाबून मथळ्यांवरून आणि एफ दाबून रकान्यांवरून फिरा. त्यातली पडदा काळा करण्याची सोय चालू करा, नाहीतर डोळे नकळत मदत करतात. शेवटी स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर टॉकबॅकने तेच काम करा, कारण तुमचे रुग्ण तोच फोन वापरणार आहेत. हे झाल्यावर खऱ्या वापरकर्त्यांना बोलवा. मुंबईत राष्ट्रीय अंधजन संघ, सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं दृष्टिबाधितांसाठीचं साधन केंद्र आणि कर्णबधिरांसाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था इथे विचारणा करता येईल. पाच-सहा जण पुरेत, त्यांच्या वेळेचं मानधन द्या, आणि ते अडखळत असताना मध्ये बोलू नका.

सहा आठवड्यांची वाटणी अशी करा. पहिले दोन लॉगिन, सत्र, देवनागरी अंक आणि भाषेचा कोड यांना. तिसरा वेळ निवडण्याला. चौथा चुकांचे संदेश आणि फोकसला. पाचव्यात अहवाल वेबपानावर आणा, आणि सगळे जुने अहवाल जमणार नसतील तर नव्या तारखेपासूनचे तरी आणा. सहावा वापरकर्त्यांच्या चाचणीला आणि त्यातून निघणाऱ्या दुरुस्त्यांना राखून ठेवा, तो दुसऱ्या कशाला देऊ नका. रंग आणि अक्षरांच्या दुरुस्त्या रोज अर्धा तास काढून मध्ये मध्ये होतात. 'अडचण आल्यास संपर्क' म्हणून नुसता दूरध्वनी क्रमांक देऊ नका, बहिऱ्या रुग्णाला तो निरुपयोगी आहे. क्रमांकासोबत एसएमएस आणि ईमेलही द्या, लॉगिन न करता उघडेल अशा पानावर, आणि दर पानावर एकाच जागी. आलेली तक्रार कोण वाचणार त्या माणसाचं नाव ॲप सुरू होण्याआधी टीममध्ये ठरवून घ्या.